थोडे थांबा म्हणणारे मुख्यमंत्री : उत्तर नायजेरियाचे सर अहमदू बेलो

देशोदेशींच्या स्वातंत्र्यलढ्यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो तेव्हा त्यातील भूमिका ठरलेल्या असतात. पुढारी स्वातंत्र्य मागतात आणि परके सरकार 'अजून थांबा' असे सांगते. ३१ मार्च १९५३ रोजी पश्चिम आफ्रिकेतील लागोस शहरी, नायजेरियाच्या प्रतिनिधीगृहात मात्र याच्या उलट घडले. दक्षिणेकडील अँथनी एनाहोरो या तरुण सभासदाने १९५६ साली देशाला स्वराज्य मिळावे असा ठराव मांडला. त्यावर उत्तर प्रांताचे पुढारी उठले आणि ठरावातील '१९५६' हा आकडा काढून त्या जागी 'शक्य होईल तितक्या लवकर' असे शब्द घालावेत, अशी उपसूचना त्यांनी आणली. हे पुढारी म्हणजे अहमदू बेलो, सोकोटोचे सरदौना.

सभागृहात गोंधळ माजला. दक्षिणेचे सभासद उठून बाहेर गेले. उत्तरेचे प्रतिनिधी रस्त्यावर आले तेव्हा लागोसच्या जमावाने त्यांची हुर्यो उडवली. इंग्रजांचे हस्तक, स्वातंत्र्याचे वैरी, अशा शब्दांत त्यांची संभावना झाली. परतीच्या प्रवासात आगगाडीच्या स्थानकांवरही हाच अनुभव त्यांना आला.

एवढा मानी घराण्यातला माणूस, ज्याच्या पूर्वजांचे राज्य इंग्रजांनी बंदुकीच्या जोरावर घेतले होते, तो स्वातंत्र्य लांबवावे असे का म्हणाला असेल? याचे उत्तर राजकारणाच्या पुस्तकांपेक्षा शाळांच्या हजेरीपटात अधिक सापडते. एका शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत इतक्या दूरच्या माणसाची हकीकत सांगण्याचे कारणही तेच आहे.

प्रथम थोडा भूगोल आणि थोडा इतिहास पाहू. आज आपण ज्याला नायजेरिया म्हणतो तो देश इंग्रजांनी १९१४ साली दोन वेगळे मुलूख एकत्र करून बनवला. दक्षिणेचा समुद्रकिनाऱ्याचा भाग, जेथे योरुबा, इग्बो आदी लोक राहतात. आणि उत्तरेचा विस्तीर्ण कोरडा मुलूख, जेथे हौसा आणि फुलानी मुसलमानांची वस्ती मोठी आहे. लोकसंख्येने उत्तर निम्म्याहून अधिक. येथे १८०४ साली शेख उस्मान दान फोदियो या विद्वान धर्मसुधारकाने चळवळ उभारली, आणि तिच्यातून सोकोटोची खिलाफत निर्माण झाली. हे राज्य अडाण्यांचे होते असे कोणी समजू नये. शेख उस्मान, त्यांचे बंधू अब्दुल्लाही आणि पुत्र मुहम्मद बेलो यांनी अरबीत ग्रंथ लिहिले. शेखांची कन्या नाना अस्माऊ ही कवयित्री आणि शिक्षिका होती. तिने स्त्रियांना शिकवणाऱ्या स्त्रियांची एक साखळीच उभी केली, आणि त्या खेडोपाडी जाऊन शिकवीत. एकोणिसाव्या शतकातील ही गोष्ट आहे. मुलींच्या शिक्षणाला धर्माचा दाखला देऊन विरोध करणाऱ्यांना ही एकच बाई पुरेशी आहे, असे मला वाटते.

१९०३ साली इंग्रजांनी सोकोटो जिंकले. हाय कमिशनर लुगार्ड यांनी अमिरांना शब्द दिला की तुमच्या धर्मात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. या शब्दाचा एक परिणाम असा झाला की मुसलमानी मुलखात ख्रिस्ती मिशनऱ्यांना फारसा मज्जाव नव्हे, जवळजवळ बंदीच राहिली. अमीर खूश झाले, प्रजाही निश्चिंत झाली. पण त्या काळी नायजेरियात इंग्रजी शाळा काढीत ते मिशनरीच. दक्षिणेत त्यांच्या शाळा गावोगाव निघाल्या, उत्तरेत निघाल्या नाहीत. सरकारनेही आपल्या पैशाने ती उणीव भरून काढली नाही. अमिरांच्या मार्फत कारभार स्वस्तात चालत होता, मग शिकलेली माणसे तयार करण्याची घाई कोणाला असणार?

लोकांच्या मनातही संशय होता. उत्तरेत मूल लाकडी पाटीवर कुराणाच्या आयती लिहून शिके. या मकतबाला हौसा भाषेत 'मकरांतर अल्लो' म्हणतात. अल्लो म्हणजे पाटी, अरबी 'लौह' या शब्दाचेच ते रूप. शिक्षकाला 'मालम' म्हणतात, तो आपला मुअल्लिम. याच्या उलट सरकारी शाळेतील विद्या म्हणजे 'बोको'. हा शब्द इंग्रजी 'बुक'वरून आला असे पुष्कळ जण समजतात. परंतु हौसा भाषेच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की या शब्दाचा मूळ अर्थ बनावट, फसवे असा आहे. खरा इल्म मकतबात आणि बनावट इल्म सरकारी शाळेत, अशी ही वाटणी झाली. पुढे एकविसाव्या शतकात एका रक्तपिपासू टोळीने हाच शब्द आपल्या नावात घेतला आणि एप्रिल २०१४ मध्ये चिबोक येथील शाळेतून २७६ मुली पळवून नेल्या, ही बातमी आपल्या वृत्तपत्रांतही आली होती. एखाद्या शब्दातील संशय किती लांबवर पोचतो पाहा!

अमिरांना 'मुले शाळेत पाठवा' असे फर्मान आले की कित्येक उमराव आपली मुले घरीच ठेवून नोकराचाकरांची मुले पाठवून देत. काळाने याचा न्याय मोठ्या गमतीने केला. स्वतंत्र नायजेरियाचे पहिले पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा हे राजघराण्यातले नव्हते. ते सामान्य घरातून आलेले शाळामास्तर होते.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. इंग्रजी अंमल आला त्या दिवशी अरबी लिपीत वाचणारा-लिहिणारा हजारो माणसांचा समाज कागदोपत्री एकदम निरक्षर ठरला, कारण कचेरीची भाषा बदलली. आपल्याकडे १८३७ साली फारसीची जागा गेली तेव्हा असाच फटका अनेक घराण्यांना बसला होता. विद्या असूनही तिला बाजारात मोल उरत नाही, ही स्थिती अज्ञानापेक्षाही चमत्कारिक असते. अशा वेळी माणूस जुन्या विद्येला अधिकच घट्ट धरतो आणि नवीचा अधिकच राग करतो.

अशा या समाजात १२ जून १९१० रोजी सोकोटोजवळच्या रबाह या गावी अहमदू बेलो यांचा जन्म झाला. सुलतान मुहम्मद बेलो हे त्यांचे पणजोबा. प्रारंभीचे शिक्षण सोकोटोच्या सरकारी शाळेत झाले आणि १९२६ साली ते कात्सिना येथील अध्यापक विद्यालयात दाखल झाले.

या कात्सिना कॉलेजची थोडी माहिती सांगितली पाहिजे, कारण उत्तर नायजेरियाचे पुढचे सारे राजकारण या एका इमारतीतून बाहेर पडले. गव्हर्नर क्लिफर्ड यांच्या पुढाकाराने १९२१-२२ च्या सुमारास ते उघडले. विद्यार्थ्यांनी आपला पारंपरिक पायघोळ पोषाखच घालावा, पाचही वेळची नमाज अदा करावी, आणि त्याबरोबर इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोल शिकावा, अशी योजना होती. घरच्या माणसांना 'मुलगा हातचा जाईल' ही जी धास्ती वाटे, ती या व्यवस्थेने बरीच कमी झाली. बालेवा याच कॉलेजचे, पुढे उत्तरेचे शिक्षणमंत्री झालेले इसा कैता याच कॉलेजचे. चार भिंतींतल्या मूठभर मुलांवर एका अर्ध्या देशाचा भार पुढे पडावा, ही त्या कॉलेजची थोरवी म्हणावी की त्या प्रांताचे दारिद्र्य म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. येथील मुलांना 'फाइव्हज्' नावाच्या एका इंग्रजी खेळाची गोडी लागली. हाताने चेंडू भिंतीवर मारायचा तो खेळ सरदौनांनी मोठेपणीही सोडला नाही.

१९३१ साली अहमदू बेलो सोकोटोच्या शाळेत शिक्षक झाले. राजवंशातील तरुण खडू हाती घेऊन मुलांना शिकवतो आहे, हे दृश्य त्या काळी लोकांना नवे होते. १९३४ मध्ये ते आपल्याच रबाह परगण्याचे प्रमुख झाले. १९३८ साली सोकोटोची गादी रिकामी झाली तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या अहमदूंनी तिच्यावर हक्क सांगितला. गादी मिळाली त्यांचे भाऊबंद अबुबकर यांना, आणि ते पुढे पन्नास वर्षे, १९८८ पर्यंत सुलतान राहिले. नव्या सुलतानांनी प्रतिस्पर्ध्याला 'सरदौना' ही पदवी दिली आणि गुसाऊ येथील कारभारावर नेमले. ही पदवी आपल्या 'सरदार' शब्दाची आठवण करून देते.

पण भाऊबंदकी इतक्या सहजी मिटत नसते. काही वर्षांनी गुरांवरील कराच्या पैशात अफरातफर केल्याचा आरोप सरदौनांवर आला. सुलतानांच्या न्यायालयाने त्यांना एक वर्षाची शिक्षा दिली. त्या काळी सुलतानांच्या निकालाविरुद्ध दाद मागणे म्हणजे घराण्याशी द्रोह समजला जाई. सरदौनांनी तरीही वरच्या इंग्रजी न्यायालयात अपील केले आणि ते निर्दोष सुटले. कायदा आणि कागद यांची ताकद त्यांना येथे स्वतःच्या अनुभवाने कळली असली पाहिजे. १९४८ मध्ये स्थानिक कारभाराचा अभ्यास करण्यासाठी ते इंग्लंडला गेले, १९४९ मध्ये उत्तरेच्या विधानसभेत आले, 'नॉर्दर्न पीपल्स काँग्रेस' या पक्षात शिरले आणि १९५२ साली मंत्री झाले.

आता पुन्हा त्या १९५३ च्या ठरावाकडे वळू. त्या वेळची स्थिती डोळ्यांसमोर आणा. १९४७ साली संपूर्ण उत्तर प्रांतात माध्यमिक शाळांत शिकणारी मुले होती सुमारे अडीचशे. दक्षिणेत ती नऊ हजारांवर होती. इबादान येथे १९४८ मध्ये देशातील पहिले विद्यापीठ महाविद्यालय उघडले, तेथे उत्तरेची मुले हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. उत्तरेतून डॉक्टर झालेले पहिले गृहस्थ आर. ए. बी. डिक्को, तेही मिशनच्या छायेत वाढलेले ख्रिस्ती होते. उत्तरेच्या स्वतःच्या कचेऱ्यांत, रेल्वेत, टपालखात्यात, बँकांत कारकुनापासून वर बसलेला माणूस एक तर इंग्रज असे, नाही तर दक्षिणेचा. इंग्रज गेले की त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. मग त्या स्वातंत्र्यात आपल्या मुलांचे काय, हा प्रश्न सरदौनांच्या मनात उभा राहिला. ब्रिटिश जावेत हे त्यांनाही हवे होते. ते जातील त्या दिवशी घरात हिशेब लिहिणारा आपला एकही माणूस नसेल, याची त्यांना भीती होती.

ही भीती खरी होती. पण तिची किंमत सामान्य माणसांनी चुकती केली. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिणेचा एक पक्ष प्रचारासाठी कानो शहरी येणार म्हणून तेथे दंगल पेटली. उत्तरेचे आणि दक्षिणेचे लोक एकमेकांवर तुटून पडले. सरकारी आकड्याप्रमाणे ३६ माणसे मेली. लागोसला झालेल्या अपमानाचा सूड कानोत दुकान चालवणाऱ्या गरिबांवर निघाला. सभागृहातील शब्द बाजारात उतरतात तेव्हा त्यांची धार वाढलेली असते.

अखेर तडजोड झाली. प्रत्येक प्रांताने आपापल्या तयारीप्रमाणे स्वायत्तता घ्यावी असे ठरले. पूर्व आणि पश्चिम प्रांतांनी ती १९५७ साली घेतली. उत्तरेने आणखी दोन वर्षे थांबून १५ मार्च १९५९ रोजी घेतली. १ ऑक्टोबर १९६० ला सारा देश स्वतंत्र झाला. सरदौना १९५४ पासूनच उत्तर प्रांताचे मुख्यमंत्री झाले होते (तिकडे या पदाला प्रीमियर म्हणत). त्यांचा पक्ष देशात सर्वांत मोठा असल्यामुळे त्यांना देशाचे पंतप्रधान होता आले असते. त्यांनी ते पद आपले सहकारी बालेवा यांच्याकडे जाऊ दिले आणि स्वतः प्रांताच्या राजधानीत, काडुना येथे राहिले. लोकांना याचे फार आश्चर्य वाटे. दिल्ली सोडून मुंबईला बसणारा पक्षाध्यक्ष आपणही क्वचितच पाहिला असेल. पण त्यांच्या हिशेबाने खरे काम काडुनात होते. शिवाय काडुनाचा शब्द लागोसमध्ये ऐकला जाई, हेही तितकेच खरे.

मुख्यमंत्री म्हणून त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, आणि त्यांनी दोन्ही धरल्या. पहिली जवळची, दुसरी लांबची.

जवळची वाट म्हणजे 'नॉर्दर्नायझेशन', उत्तरेच्या नोकऱ्या उत्तरेच्या माणसांना. धोरण असे की जागा निघाली तर प्रथम उत्तरेचा उमेदवार शोधावा; तो न मिळाला तर परदेशी माणूस ठरावीक मुदतीच्या कराराने घ्यावा; तोही न मिळाला तरच दक्षिणेच्या नायजेरियनाला घ्यावे, आणि त्यालाही करारानेच. १९५४ ते १९५८ या काळात दोन हजारांहून अधिक दक्षिणी कर्मचाऱ्यांना उत्तरेच्या नोकरीतून जावे लागले. आपल्याच देशातील भावापेक्षा इंग्रज बरा, हा या धोरणाचा अर्थ दक्षिणेच्या लोकांनी घेतला, आणि तो त्यांनी कसा घेऊ नये? यात दोन बाजू आहेत, विद्यार्थी मित्रांनो. मागे राहिलेल्यांना काही काळ हात देऊन वर घेतले नाही तर ते कायमचेच मागे राहतात, ही एक. ज्याने घाम गाळून शिक्षण घेतले त्याला 'तू अमुक मुलखातला' म्हणून दाराबाहेर काढणे हा अन्याय आहे, ही दुसरी. सरदौनांनी पहिली बाजू पुरती जाणली, दुसरीकडे डोळेझाक केली, असे माझे मत आहे. मात्र एक श्रेय त्यांना दिले पाहिजे. 'उत्तरेचा माणूस' या व्याख्येत त्यांनी उत्तरेच्या ख्रिस्ती लोकांनाही धरले. त्यांच्या मंत्रिमंडळात आणि सचिवालयात त्यांना जागा होती.

लांबची वाट म्हणजे शाळा. प्रौढांना अक्षरओळख करून देण्याची मोठी मोहीम उत्तरेत १९५० नंतर निघाली. तिचे नाव 'याकी दा जाहिल्ची', म्हणजे जहालतीशी युद्ध. नाव ऐकताच आपल्यालाही अर्थ कळतो. दिवसभर शेतात राबणारी माणसे संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात बसून अक्षरे गिरवू लागली. कारकून आणि अधिकारी घडवण्यासाठी झारिया येथे प्रशासन-शिक्षणाची संस्था चालू झाली. होतकरू तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन विलायतेला पाठवले गेले. आणि ४ ऑक्टोबर १९६२ रोजी झारियात उत्तरेचे स्वतःचे विद्यापीठ उघडले. त्याला सरदौनांचेच नाव देण्यात आले, अहमदू बेलो विद्यापीठ. जिवंतपणी आपले नाव संस्थेला घेणे आपल्या मनाला रुचत नाही, पण ते असो. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते ४२६. झारियातील जुने तंत्रमहाविद्यालय, प्रशासन संस्था, समारू येथील शेतकी संशोधन केंद्र, अशा हाताशी असलेल्या संस्था एकत्र करून त्यांनी विद्यापीठ उभे केले. इमारती पुऱ्या होईपर्यंत वाट पाहिली नाही. पहिले कुलगुरू न्यूझीलंडचे नॉर्मन अलेक्झांडर हे होते. त्यांच्यानंतर १९६६ मध्ये पहिले नायजेरियन कुलगुरू आले ते डॉ. इशाया औदू. ते झारियाजवळच्या वुसासा या मिशनच्या वस्तीतले हौसाभाषी ख्रिस्ती डॉक्टर होते.

येथे आपल्या देशाशी असलेला एक-दोन धाग्यांचा संबंधही सांगतो. स्वातंत्र्याच्या तोंडावर उत्तरेचा फौजदारी कायदा नव्याने करायचा होता. शरीयतीनुसार शिक्षा देणारी न्यायालये एका बाजूला, इंग्रजी कायदा दुसऱ्या बाजूला, आणि मुसलमानेतर प्रजेची चिंता तिसरीकडे. सरदौनांच्या सरकारने सुदानचे सरन्यायाधीश आणि पाकिस्तानचे एक न्यायमूर्ती यांचा समावेश असलेले मंडळ नेमले. त्यांच्या सल्ल्याने सुदानच्या धर्तीवर नवी दंडसंहिता तयार झाली आणि १९६० मध्ये ती अमलात आली. सुदानची संहिता कशावर बेतलेली होती? आपल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेवर! ज्या कायद्याची कलमे आपले वकील लोक २०२४ पर्यंत न्यायालयात म्हणत होते, तीच थोड्या फरकाने काडुना आणि कानोच्या न्यायालयांत म्हटली जात होती. दुसरे असे की १९६४ मध्ये काडुना येथे नायजेरियाची लष्करी प्रबोधिनी निघाली ती भारतीय सैन्याच्या मदतीने, आणि तिचे पहिले प्रमुख ब्रिगेडियर वर्मा हे भारतीय अधिकारी होते. नायजेरियाच्या शाळांत शिकवायला त्या दशकात आणि पुढल्या दशकात भारतातून शिक्षक मोठ्या संख्येने गेले.

एवढे सगळे सांगितल्यावर जे झाले नाही तेही सांगणे भाग आहे. पश्चिम प्रांताचे मुख्यमंत्री ओबाफेमी अवोलोवो यांनी जानेवारी १९५५ पासून प्राथमिक शिक्षण मोफत केले. उत्तरेत तसे झाले नाही. तेथे सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना आली ती १९७६ साली, लष्करी राजवटीत. सरदौनांचा भर वरच्या पायऱ्यांवर, अधिकारी आणि पदवीधर लवकर तयार करण्यावर राहिला. खेड्यातील गरीब शेतकऱ्याचे पोर पाटीवरच राहिले. झाडाला वरून पाणी घालून मुळे कितपत ओलावतात?

स्त्रियांच्या बाबतीत तर निराशाच आहे. दक्षिणेच्या बायका १९५९ च्या निवडणुकीत मत देऊन आल्या, उत्तरेच्या बायकांना तो हक्क नव्हता. तो त्यांना १९७६ मध्ये मिळाला. नाना अस्माऊच्या भावाचा पणतू मुख्यमंत्री असताना हे घडावे, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. या प्रश्नावर उत्तरेतच सरदौनांना विरोध करणारा एक शाळामास्तर होता, मालम अमिनू कानो. तोही मोठ्या आलिम घराण्यातला, तोही इंग्लंडात शिकून आलेला. १९५० साली निघालेल्या त्यांच्या पक्षाने अमिरांच्या जुलमाविरुद्ध गरिबांची बाजू घेतली आणि मुलींच्या शिक्षणाचा, स्त्रियांच्या मताचा आग्रह धरला. त्याच पक्षाच्या गांबो सवाबा या बाईंना अमिरांच्या न्यायालयांनी पुनःपुन्हा तुरुंगात धाडले. सरदौना मुख्यमंत्री होते, त्यांना हे ठाऊक होते, आणि त्यांनी ते चालू दिले. ज्या गृहस्थाने स्वतः एकदा सुलतानांच्या निकालावर अपील केले होते, त्यानेच हे चालू द्यावे हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत न उलगडणारे कोडे वाटते. अमिनू कानो यांना मात्र त्यांनी देशद्रोही म्हटल्याचे दिसत नाही. दोघांची भांडणे एका घरातल्या थोरल्या-धाकट्यांसारखी होती.

१९६२ नंतर देशाचे राजकारण फार बिघडले. जनगणनेच्या आकड्यांवरून भांडण झाले, कारण ज्याची डोकी जास्त त्याच्या जागा जास्त. १९६४ च्या निवडणुकीवर काही पक्षांनी बहिष्कार टाकला. १९६५ मध्ये पश्चिम प्रांतात निवडणुकीनंतर जाळपोळ आणि खुनाखुनी झाली. तेथे ज्या पक्षाविरुद्ध लोक पेटले होते तो सरदौनांच्या पक्षाचा मित्र होता. याच काळात सरदौना प्रांतात फिरून मूर्तिपूजक जमातींत धर्मप्रसाराच्या सभा घेत होते. मुख्यमंत्र्याने हे काम करावे की नाही, असा प्रश्न तेव्हाही उठला. त्यामुळे उत्तरेतील ख्रिस्ती लोक बिचकले, आणि सर्व उत्तर एक ही त्यांची जुनी घोषणा पातळ झाली.

१५ जानेवारी १९६६ च्या पहाटे काडुना येथील मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानावर सैनिकांनी हल्ला केला. त्यांचा नायक मेजर चुकवुमा न्झेओग्वू हा दक्षिणेच्या इग्बो घरातला असला तरी काडुनातच जन्मलेला आणि हौसा अस्खलित बोलणारा तरुण होता. त्याआधी काही रात्री सैन्याच्या कवायती काडुनात चालल्या होत्या, त्यामुळे त्या रात्रीही कोणाला शंका आली नाही. सरदौनांना गोळी घालण्यात आली. त्यांच्या ज्येष्ठ पत्नी हफ्सातू यांनाही त्याच वेळी मारण्यात आले. पंतप्रधान बालेवा यांचा, आणि इबादानमध्ये पश्चिमेचे मुख्यमंत्री अकिंतोला यांचा खून झाला. सरदौना तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते.

यानंतर जे घडले ते फार भयंकर होते. जुलै १९६६ मध्ये उत्तरेच्या सैनिकांनी उलट बंड केले. उत्तरेच्या शहरांत राहणाऱ्या हजारो इग्बो स्त्री-पुरुषांची कत्तल झाली. पूर्व प्रांत फुटून निघाला आणि १९६७ ते १९७० असे अडीच वर्षांचे यादवी युद्ध झाले. त्याआधीच, मे १९६७ मध्ये, उत्तर प्रांताचे सहा तुकडे करण्यात आले. म्हणजे ज्या प्रांतासाठी सरदौना झटले तो प्रांत त्यांच्या मृत्यूनंतर दीड वर्षही टिकला नाही.

विद्यापीठ टिकले. शेती, पशुवैद्यक, अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा अशा शाखा त्याला फुटत गेल्या आणि आफ्रिका खंडातील मोठ्या विद्यापीठांत त्याची गणना होऊ लागली. कानो येथील त्याचे महाविद्यालय पुढे स्वतंत्र विद्यापीठ झाले. पहिल्या वर्षीच्या ४२६ मुलांना आज तेथे कोणी शोधायला गेले तर त्यांची नातवंडे सापडतील. ज्या घरात सरदौनांना मारले गेले ते काडुनातील घर १९७० मध्ये याच विद्यापीठाच्या स्वाधीन झाले. 'अरेवा हाउस' या नावाने तेथे इतिहास-संशोधनाचे केंद्र निघाले. हौसा भाषेत अरेवा म्हणजे उत्तर. तेथे जुन्या प्रांतिक सरकारचे कागदपत्र जपून ठेवलेले आहेत, आणि ते वाचायला येणाऱ्यांत दक्षिणेचे विद्यार्थीही असतात.